दाराला टेकलेला खराटा

विर्वे कीवित एकतीस वर्षं एकाच रस्त्यावर टपाल वाटत होती, आणि या एकतीस वर्षांत तिनं दोन गोष्टी कधीच केल्या नव्हत्या. कोणाचं पाकीट उघडलं नव्हतं आणि खराटा टेकलेलं दार उघडलं नव्हतं. पोस्टकार्डं मात्र ती वाचायची. पोस्टकार्ड उघडावं लागत नाही.

तिचा रस्ता म्हणजे हीउमा बेटाच्या पश्चिम टोकाचं कडाकानीना गाव. घोड्याच्या नालासारखी एक खाडी, तिच्या काठाकाठानं वळत जाणारा सात किलोमीटर खडीचा रस्ता आणि त्यावर बारमाही नांदती नऊ घरं. उन्हाळ्यात चाळीस घरांतून धूर निघायचा, पण ती राजधानीतल्या, टालिनच्या लोकांची. ते जूनमध्ये यायचे, शांतता किती छान आहे हे एकमेकांना ओरडून सांगायचे आणि ऑगस्टमध्ये जायचे. नालाच्या सुरुवातीच्या टोकाला विर्वेचं घर होतं आणि शेवटच्या टोकाला ओस्वाल्डकाकांचं. मध्ये खाडी. विर्वेच्या ओट्यावरून ओस्वाल्डकाकांचं धुराडं दिसायचं, पण गाडीनं जायचं तर सात किलोमीटर.

या रस्त्यावर ती टपालाबरोबर औषधं न्यायची, बॅटऱ्या, खमीर, चष्म्याचे स्क्रू आणि लोकर न्यायची. बातम्या तर न्यायचीच. आस्ताच्या मेंढीला तिळं झालं हे ओस्वाल्डकाकांना विर्वेकडून कळायचं, आणि ओस्वाल्डकाकांचा गुडघा कसा आहे हे आस्ताला. दोघांची घरं चारशे पावलांवर होती, तरीही विर्वेकडून कळल्याशिवाय बातमीला वजन येत नसे.

कडाकानीनात कुलूप कोणी लावत नाही. कुलूप आणायला बेटावरच्या कार्डला शहरापर्यंत जावं लागतं, आणि आणलंच तर शेजारी विचारतात, असं काय आहे गं तुझ्याकडे? बाहेर जाताना दाराला बाहेरून खराटा टेकवायचा, की झालं. खराटा दिसला की घरात कोणी नाही. आत जायचं नाही, हाक मारायची नाही, खिडकीतून डोकावायचंही नाही.

अठरा वर्षांपूर्वी एका दुपारी विर्वे फेरी संपवून घरी आली, तर तिच्याच दाराला खराटा टेकलेला. तिनं तो टेकवला नव्हता. नवरा हाइनो त्या वेळी घरात झोपलेला असायचा. ती आत गेली. स्वतःचं दार यात धरत नाहीत. हाइनोचा कोट नव्हता, बूट नव्हते आणि घरातली एकुलती एक चांगली सुरी नव्हती. चिठ्ठी नव्हती. खराटा हीच चिठ्ठी. पुढे कळलं, की तो सारेमाला एका बाईकडे गेला. बाईकडे गेला हे गावानं वर्षभरात माफ केलं. शेजारच्या सारेमा बेटावर गेला हे अजून केलेलं नाही. "तरी जाताना खराटा टेकवून गेला," आस्ता म्हणायची, "म्हणजे वळण होतं गं माणसाला."

तर फेब्रुवारीच्या शेवटी विर्वेला टपालखात्याचं पत्र आलं. लांबच्या रस्त्यांची पाहणी होणार होती. ज्या रस्त्यावर बारमाही नऊपेक्षा कमी घरं नांदती असतील, तिथलं घरोघर टपाल बंद. पेट्या सगळ्या मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर लागतील आणि ज्याचं त्यानं येऊन न्यावं. पाहणीला मार्चच्या दुसऱ्या बुधवारी माणूस येईल.

विर्वेनं पत्र दोनदा वाचलं. कडाकानीनात घरं नऊ होती. एकही जास्त नाही.

फाट्यावर पेट्या लागल्या, तर शहाऐंशी वर्षांच्या ओस्वाल्डकाकांना वर्तमानपत्रासाठी आठ किलोमीटर चालावं लागणार होतं. नव्वदीच्या लीसीबाई तर नाताळपासून कुंपणाबाहेर पडल्या नव्हत्या. आणि विर्वेला कार्डलातल्या कचेरीत पाकिटं लावायला बसवणार होते, जिथे खिडकीतून समोरच्या कचेरीची खिडकी दिसते. अठ्ठावन्नाव्या वर्षी रोज सकाळी कोणाची चूल पेटली आहे हे बघितल्याशिवाय दिवस कसा सुरू करतात, हे तिला माहीत नव्हतं.

पण "घरी राहा, माझी नोकरी जाईल" असं दारोदार सांगणं तिच्या जिवावर आलं. आजवर ती दारोदार हातात पत्र ठेवायला गेली होती, हात पसरायला नाही. शिवाय मार्चमध्ये ही माणसं जाणार कुठे? म्हणून बातमी द्यावी तशी तिनं बातमी दिली. "बुधवारी टालिनहून साहेब येतोय. आपल्या रस्त्यावर माणसं राहतात की नाही ते बघायला. नऊ घरं लागतात."

"हो का?" प्रत्येक जण म्हणाला. लीसीबाई म्हणाल्या, "बघू दे. मीही त्याला बघते."

बुधवारी सकाळच्या बोटीनं साहेब आला. आर्गो पार्न त्याचं नाव. वय बत्तीस, पायात पातळ शहरी बूट, हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद. पिवळ्या गाडीत विर्वेच्या शेजारी तो गुडघे जुळवून बसला.

"हिवाळ्यात इथले लोक करतात काय?" त्यानं विचारलं.

"उन्हाळ्याची वाट बघतात."

"आणि उन्हाळ्यात?"

"टालिनचे लोक कधी जातात, त्याची."

तो हसला नाही. विर्वेला वाटलं, हा लिहून घेतो की काय.

फाटा ओलांडून पहिलं घर आलं. दाराला खराटा होता.

"इथे कोण राहतं?"

"मी."

तो उतरला, ओट्यावर गेला, परत आला. "घरात कोणी नाही."

"कसं असेल? मी इथे आहे ना."

"तेच म्हणतोय मी. भेटीच्या वेळी रहिवासी पत्त्यावर आढळला पाहिजे." त्याला खरंच वाईट वाटत होतं, पण कागदावरची चौकट त्यानं रिकामीच ठेवली. "दिवसातून दोनदा बघायची मुभा आहे. परतताना बघू."

"परततानाही मीच गाडी चालवत असणार."

"तेव्हाचं तेव्हा," आर्गो पार्न म्हणाला.

दुसरं घर काल्योचं. काल्यो वर्षाला फार तर वीस वाक्यं बोलायचा, आणि त्यातली निम्मी ट्रॅक्टरशी. तो घरी असणारच, कारण न बोलायला घरासारखी जागा नाही. गाडी वळली आणि विर्वेला दाराला टेकलेला खराटा दिसला.

"हाही बाहेर?"

"जवळच गेला असेल," विर्वे म्हणाली.

तिसऱ्या घराला खराटा. चौथ्या घराला खराटा, आणि आत रेडिओ चालू. धुराड्यातून धूर निघत होता.

"आत कोणीतरी आहे," आर्गो पार्न म्हणाला. "रेडिओ ऐकू येतोय."

"नाही."

"दार नुसतं लोटलेलं दिसतंय. जरा डोकावून—" त्यानं कडीकडे हात नेला, आणि विर्वेनं त्या हातावर चापट मारली. सरकारी माणसाच्या हातावर. दोघंही हाताकडे बघत राहिले.

"खराटा आहे ना," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे कोणी नाही."

त्यानं चौकट रिकामी ठेवली.

आता विर्वेच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. ही माणसं आत दडून बसली होती. दुसरं काय असणार? साहेब येतोय म्हटल्यावर एकेकाच्या मनात आपापली चोरी जागी झाली असेल. कोणाची न विचारता बांधलेली आंघोळीची खोली, कोणाची तळघरातली घरगुती दारू. आणि तिच्या एकतीस वर्षांची किंमत एक खराटा. या चौथ्या घरातल्या बाईचे दात कार्डलाहून तिनंच आणले होते, मांडीवर ठेवून, कारण मागच्या सीटवर हादरे बसतात.

पाचव्या घरापाशी तिनं गाडी जवळजवळ कुंपणात घातली. लीसीबाईंच्या दाराला खराटा होता.

नव्वद वर्षांची बाई, जिला कुंपणापर्यंत यायला काठी आणि पाव तास लागतो, ती बाहेर गेली? कुठे? विर्वे ओट्यापर्यंत धावली. खिडकीतली मांजर तिच्याकडे निवांत बघत होती. आत काही बरंवाईट झालं असतं, तर बाहेरून खराटा कोणी टेकवला असता? म्हणजे टेकवून कोणीतरी मागच्या दारानं आत गेलं. म्हणजे लीसीबाईसुद्धा.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" आर्गो पार्ननं विचारलं.

"थंडी आहे," विर्वे म्हणाली. "बसा गाडीत."

सहाव्याला खराटा. सातव्याला खराटा. आठवं घर आस्ताचं. आस्ता सत्तावीस वर्षं सहकारी दुकानाची मुख्य होती आणि दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी गाव तिच्या गल्ल्यासमोर रांगेत उभं असल्यासारखी बोलायची. तिच्या घरातून बाहेरपर्यंत वेलचीचा, ताज्या भाजलेल्या पिठाचा वास येत होता. खराटा मात्र होता, नवा कोरा, बर्चच्या फांद्यांचा.

"हे आठवं," आर्गो पार्न हळूच म्हणाला. "रिकामी घरं मी पाहिली आहेत, बाई. पण एवढ्या वासाची रिकामी घरं नाही पाहिली."

विर्वे बोलली असती तर रडली असती, आणि हीउमाची बाई परक्यासमोर रडत नाही. फार तर गिअर जोरात टाकते. तिनं गिअर जोरात टाकला.

ओस्वाल्डकाकांच्या दाराला खराटा नव्हता. दार सताड उघडं होतं. दारावर एक जुना पडदा उलटा टांगून त्यावर निळ्या रंगानं लिहिलेलं होतं: टपालखात्याचं स्वागत असो. आणि आत, एका खोलीत, टेबलाभोवती, खाटेवर, लाकडांच्या पेटीवर दाटीवाटीनं अख्खं कडाकानीना बसलेलं होतं. मधोमध टेबलावर इंग्रजी आठाच्या आकड्याच्या आकाराचं, गाडीच्या चाकाएवढं क्रिंगल, म्हणजे वेलची घातलेला गोड पाव होता. लग्नाला आणि पन्नाशीलाच भाजतात, ते. बाजूला धुरावर भाजलेले चपटे मासे, बटाट्याचं सॅलड आणि काळा पाव.

"या या, साहेब!" आस्तानं हात पसरले. "मोजा! दहा माणसं आहेत. अकरावी ही आमची विर्वे."

विर्वे उंबऱ्यातच उभी होती. "आस्ता," ती म्हणाली. "हे काय आहे?"

"गर्दी," आस्ता म्हणाली. "तूच म्हणालीस ना, माणसं आहेत का ते बघायला येतोय म्हणून? मग एकेकटी दाखवून काय दिसणार होतं त्याला? लीसी एकटी बसलेली, काल्यो एकटा बसलेला. घरी जाऊन रडला असता बिचारा. म्हटलं, सगळी एकदम दाखवावीत."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तुझ्या पोटात काही राहतं का? तू त्याला बोटीवरच सांगितलं असतंस."

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच गावात एक बातमी विर्वेला वगळून फिरली होती, आणि फिरून ही अशी पोचली होती.

सगळे आर्गो पार्नकडे बघत होते. तो कागदाकडे बघत होता. मग त्यानं घसा साफ केला.

"नियमाप्रमाणे," तो म्हणाला, "मला हे घर नांदतं दिसतंय. रहिवासी एक. पाहुणे नऊ. आठ घरं रिकामी."

आस्तानं पसरलेले हात खाली घेतले.

"पाहुणी?" कोपऱ्यातून लीसीबाई म्हणाल्या. त्या ओस्वाल्डकाकांच्या आरामखुर्चीत दोन घोंगड्यांत बसल्या होत्या. "ऐंशी वर्षांपूर्वी याच खोलीत मी या ओस्वाल्डला बदडलंय. पाहुणी म्हणे."

"बदडलंय," ओस्वाल्डकाका म्हणाले. "चमच्यानं."

"पण बाई, तुमच्या घराला खराटा होता," आर्गो पार्न म्हणाला.

"असणारच. मी घरी नव्हते ना! आम्ही काय खोटारडे आहोत?"

आस्ताच्या तोंडावरचा रंग उतरला. दुकानात सत्तावीस वर्षांत तिचा हिशोब कधी चुकला नव्हता. तिनं विर्वेकडे बघितलं आणि मग क्रिंगलकडे. विर्वेला तिच्यावर ओरडायचं होतं, पण सगळा रस्ता ती मनातल्या मनात या दहा जणांना शिव्या घालत आली होती, आणि आता ओरडायला तोंड उरलं नव्हतं. ही माणसं दडली नव्हती. तिच्यासाठी क्रिंगल भाजून बसली होती. मूर्खपणा होता, पण तिच्यासाठी होता.

"साहेब," ओस्वाल्डकाकांनी विचारलं, "परत कोणत्या रस्त्यानं जाणार?"

"एकच रस्ता आहे ना?"

"गाडीला एकच आहे."

आर्गो पार्ननं खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणापासून समोरच्या काठापर्यंत खाडी गोठलेली होती, पांढरी, सपाट. पलीकडे एकेक धुराडं दिसत होतं. अंगणात भिंतीला सात-आठ रेटगाड्या ओळीनं लावलेल्या होत्या. दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर ठोकलेली खुर्ची. एकानं बसायचं, दुसऱ्यानं मागं उभं राहून एका पायानं बर्फ रेटायचा. सगळे त्याच वाटेनं आले होते.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं आपली खुर्ची उचलली आणि खिडकीकडे पाठ करून ठेवली.

"कॉफी मिळेल का?" तो म्हणाला. "चांगली गरम असू दे. मला गरम कॉफी सावकाश प्यायची सवय आहे."

मग आस्तानं त्याच्यासमोर कप ठेवला आणि म्हणाली, "मी जरा मेंढ्यांना बघून येते."

"चुलीवर काहीतरी राहिलंय वाटतं," चौथ्या घरातली बाई म्हणाली.

"रेडिओ चालू राहिलाय," तिचा नवरा म्हणाला.

काल्यो काहीच म्हणाला नाही. त्यानं लीसीबाईंना घोंगड्यांसकट उचललं आणि बाहेर नेलं. जाताना त्यांनी क्रिंगलचा तुकडा उचलला. थोड्या वेळानं बाहेर लोखंड बर्फावर घासल्याचे आवाज आले आणि लीसीबाईंचा आवाज आला, "अरे, जोरात! मेलेलं कोणी नेतोयस का?"

आर्गो पार्ननं मान वळवली नाही. त्यानं कॉफीवर फुंकर मारली.

"कशी आहे कॉफी?" ओस्वाल्डकाकांनी विचारलं.

"अजून गरम आहे."

"मग तुम्हाला माझ्या होडीबद्दल सांगतो. माझ्या आजोबांनी पाण्याच्या काठाला होडीची छपरी बांधली. आज ती कुरणाच्या मध्ये आहे, पाण्यापासून दोनशे पावलं. आम्ही छपरी हलवली नाही. जमीनच वर येतेय, दर वर्षी नखाएवढी. समुद्र कंटाळून निघालाय. अजून थोडं थांबा, पुढच्या वेळी तुम्ही टालिनहून चालतच या. बोटीचं तिकीट वाचेल."

"किती थांबायचं?"

"दहा हजार वर्षं. क्रिंगल घ्या तोवर."

आर्गो पार्ननं तीन तुकडे घेतले आणि कॉफी दोनदा. विर्वे मासा खात राहिली, काटे बाजूला काढत, खिडकीकडे तोंड करून. पांढऱ्या खाडीवर काळे ठिपके पंख्यासारखे पसरत चालले होते.

परतीला ती इतकी हळू गाडी चालवत होती, की एका कावळ्यानं त्यांना दोनदा ओलांडलं.

आस्ताचं घर जवळच होतं. ती झुडपांतून मागच्या दारानं पोचली होती. खराटा नाहीसा झाला होता. आर्गो पार्ननं टकटक करायच्या आधीच दार उघडलं. आस्ताच्या एका पायात लोकरी बूट होता, एका पायात सपात.

"अगंबाई, टपाल!" ती धापा टाकत म्हणाली. "आणि हे कोण पाहुणे?"

"आस्ता, पुरे," विर्वे म्हणाली.

"बाई, आपली ओळख झाली आहे," आर्गो पार्न म्हणाला. "क्रिंगल उत्तम होतं."

"वेलची जास्त नाही ना झाली?"

"नाही." त्यानं चौकटीत खूण केली.

सातवं झालं, सहावं झालं. सहाव्या घरातला म्हातारा दारात उभा होता आणि त्याच्या मिशांना बर्फ होता. "आत थंडी आहे जरा," तो म्हणाला. पुढे रस्ता पाण्याजवळून जायचा, आणि तिथून विर्वेला दिसलं, की लीसीबाईंची रेटगाडी अजून खाडीतच होती. काल्यो मान खाली घालून रेटत होता आणि लीसीबाई काठीनं दिशा दाखवत होत्या, चुकीची. विर्वेनं ब्रेक दाबला.

"हा दगड," ती म्हणाली.

आर्गो पार्ननं पाहिलं. रस्त्याच्या कडेला, कोठाराएवढा, एक दगड होता. "बरं?"

"मोठा आहे."

"आहे खरा."

"बघा ना उतरून."

तो उतरला. पातळ बुटांनी त्यानं दगडाला एक फेरी मारली. "याची काही गोष्ट आहे का?"

"नाही," विर्वे म्हणाली. "कोणीतरी सांगायला पाहिजे होती." मग तिला वाटलं, हे फारच कमी झालं. "मागची बाजू बघितलीत?"

"बघितली."

"वेगळी आहे ना?"

"तशी सारखीच आहे." त्यानं खाडीकडे न बघता विचारलं, "अजून एक फेरी मारू का?"

"मारा," विर्वे म्हणाली. "सावकाश मारा."

लीसीबाईंच्या दारात ते पोचले, तेव्हा त्या कोटासकट, घोंगड्यांसकट स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेल्या होत्या. गाल लाल झाले होते, टोपी एका कानावर आली होती आणि हातात क्रिंगलचा तुकडा होता.

"एकट्याच राहता, बाई?" आर्गो पार्ननं विचारलं.

"मांजर आहे. तिला धरता का?"

"नाही धरत."

"मग एकटी." त्यांनी त्याला नीट न्याहाळलं. "लग्न झालंय का?"

"नाही."

"मग तूही एकटाच. लिही तिथे."

चौथं आणि तिसरं झालं. काल्यो आपल्या दारात उभा होता. खाडी दोनदा पार करून त्याच्या अंगातून वाफ निघत होती, घोड्याच्या निघते तशी.

"इथेच राहता?"

"हो."

"जन्मभर?"

काल्योनं विचार केला. "अजून नाही," तो म्हणाला.

आर्गो पार्न पहिल्यांदा हसला. मग त्यानं खूण केली.

विर्वेच्या घरापाशी गाडी थांबली. दाराला खराटा होता, सकाळी तिनंच टेकवलेला. इंजिन चालू होतं. दोघं समोर बघत बसले.

"आठ झाली," तो म्हणाला.

"हो."

"नऊ लागतात."

"मला माहीत आहे किती लागतात," विर्वे म्हणाली. "गाडीत मी आहे, तर घरात कोण असणार? घरात मी असले, तर टपाल कोण आणणार? ही चौकट ज्यानं आखली ना, त्याला एकटं राहायची वेळ आलेली नाही."

आर्गो पार्ननं मागं वळून टपालाचा खोका बघितला. "यांचं आज काही आहे का?"

"कोणाचं?"

"इथल्या बाईंचं."

विर्वेनं खोका चाळला. एक पाकीट होतं, बियांचं. तिनं जानेवारीत मागवलेलं. आपलं टपाल ती नेहमी कचेरीतच पिशवीत टाकायची, आज घाईत ते खोक्यातच राहिलं होतं. त्यानं हात पुढे केला आणि पाकीट घेतलं.

"तुम्ही उतरा," तो म्हणाला.

ती उतरली. ओट्यावर गेली, खराटा उचलला, आत गेली आणि दार लावून घेतलं.

सकाळची चूल विझली होती. अरुंद वाटेत अंधार होता आणि ती स्वतःच्याच दाराआड, हातात खराटा धरून उभी होती. या दारावर टकटक होत नसे. शेजारी सरळ आत यायचे, आणि दुसरं कोणी यायचं नाही. एकतीस वर्षं ती दाराच्या पलीकडून ऐकत आली होती: आत सपाता फरफटतात, कोणी खोकतं, कोणी "आले, आले" म्हणतं. अलीकडून कसं वाटतं, हे तिला माहीत नव्हतं. तिचा हात केसांकडे गेला.

बाहेर पावलं वाजली. पायरीवर पातळ बूट घसरले. "अरे देवा," आर्गो पार्न म्हणाला. मग टकटक झाली.

"आले, आले," विर्वे म्हणाली. दारापासून ती एका हातावर होती.

तिनं दार उघडलं.

"विर्वे कीवित?"

"मीच."

"टपाल." त्यानं दोन्ही हातांनी पाकीट दिलं. वर बिटाचं चित्र होतं. "इथेच राहता?"

"इथेच."

"किती जण?"

"एक," विर्वे म्हणाली.

त्यानं नवव्या चौकटीत खूण केली, कागदावर फुंकर मारली आणि पुठ्ठा काखेत घेतला. त्याला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण ते त्याच्या कागदावर नव्हतं. विर्वेलाही म्हणायचं होतं. तिनं नाक ओढलं.

"आत या. कॉफी ठेवते."

"कॉफी नको. खरंच नको."

तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून तिला खाडी दिसली. काठाकाठावरून एकेक काळा ठिपका पुन्हा ओस्वाल्डकाकांच्या धुराड्याकडे निघाला होता. आता कोणाला घाई नव्हती. एक रेटगाडी मध्येच थांबली होती आणि तिच्यातून एक काठी हवेत हलत होती.

"हे कुठे निघाले परत?" आर्गो पार्ननं विचारलं.

"क्रिंगल उरलंय ना."

तो बघत राहिला. "बोट किती वाजता आहे?"

"सहाला. आत्ता तीनच वाजलेत."

"गाडीनं गेलो तर सात किलोमीटर."

"गाडीला," विर्वे म्हणाली.

तिनं घरामागून आपली रेटगाडी ओढून आणली, खुर्चीवरचा बर्फ हातमोज्यानं झाडला आणि कपाटातून हाइनोची जुनी लोकरी टोपी आणून साहेबाच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढली. आर्गो पार्न गुडघे जुळवून खुर्चीत बसला. मग विर्वे ओट्यावर परत गेली, दार ओढून घेतलं आणि खराटा दाराला टेकवला.

आर्गो पार्न खराट्याकडे बघत होता. मग त्यानं पुठ्ठा उलटा केला, कागद खाली करून मांडीवर ठेवला आणि त्यावर बसकण मारावी तसे दोन्ही हात घट्ट दाबून धरले.

"चला," तो म्हणाला.

विर्वेनं एक पाय पट्टीवर ठेवला आणि दुसऱ्यानं बर्फ रेटला.